रकाना नऊ

पेडाळीच्या सड्याचा पहिला नकाशा मी काढला.
ट्रेसिंगचं कापड, काळी शाई, दोन हजारास एक प्रमाण.
पणजीच्या कचेरीत पंखा बंद ठेवायचो, कापड हलू नये म्हणून,
आणि घाम रेषेवर पडू नये म्हणून
मनगटाला रुमाल.

सोबत तक्ता असायचा. रकाना नऊ : जमिनीचा सध्याचा वापर.
तिथं मी लिहिलं, पडीक.
अक्षर चांगलं होतं माझं.

साखळी धरायला रोजंदारीवर धाकू झोरे, दिवसाला सात रुपये.
त्याच्याच म्हशी त्या सड्यावर चरायच्या
हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.
एका ठिकाणी तो साखळी खाली ठेवून उभा राहिला.
जांभ्याला तिथं बोटभर भोकं, पोळ्यासारखी.
म्हणाला, "हांगा सडो उदक पियेता, बाब.
सकयल झर आसा मगे, ती हांगाचीच."
मी वहीत टिपलं. खरंच टिपलं.
पण नकाशात त्या जागी उतार सोयीचा होता,
म्हणून प्लॉट चौदा.

लवंदे साहेब आमचे संचालक. माणूस सरळ.
सरकारी खर्चाने कोरिया पाहून आले,
जहाजांच्या कारखान्याचं कॅलेंडर माझ्या टेबलापाशी टांगलं.
चहा घेताना सांगत : तिथं सरकार कर्ज देतं
आणि कारखानदाराचा कान धरतं,
इतका माल परदेशात विकून दाखव, नाहीतर सवलत बंद.
"आपण काय धरलंय, म्हाबळू?"
मी म्हणालो, पट्टी.
ते हसले नाहीत.

मंत्री आले, नारळ फुटला, वाऱ्याने अर्धा मांडव उडाला.
टीव्हीच्या पिक्चर ट्यूबचा कारखाना :
जमीन चौरस मीटरला दोन रुपये, पाच वर्षं कर माफ,
वीज अर्ध्या दरात, रस्ता आमचा, पाणी आमचं.
अट एकच, गावातल्यांना नोकऱ्या,
आणि तिच्यापुढे कंसात : शक्यतो.
त्या 'शक्यतो'साठी कोण कुणाला भेटलं
ते फाईलवर नाही. फाईलवर लवंदे साहेबांचा
एका शब्दाचा लाल शेरा आहे : "कान?"
महिन्याभरात त्यांची बदली झाली, पुराभिलेख खात्यात.

ट्यूबा निघाल्या, खोटं का बोलू.
पेडाळीची तेरा पोरं कामाला लागली.
फिलोमेना कार्दोजने तीन वर्षांच्या पगारात
आईचं ऑपरेशन मिरजेला करून आणलं.
विकास म्हणजे निव्वळ थाप, असं म्हणणाऱ्यांनी
एकदा तिच्या ओसरीवर बसून म्हणावं.

सहाव्या वर्षी मालकाने शेजारच्या राज्यात
नवी पाच वर्षं घेतली.
एका रात्रीत अकरा ट्रक.
गेटला कुलूप, कुलपाला सील.
झर त्याच्या आधीच आटली होती.
तिच्यासाठी रकाना नव्हता.

परवा महामंडळातून पोरगा आला, लॅपटॉप घेऊन.
नवी योजना आहे, जुना नकाशा वाचायला माणूस हवा.
गेलो सड्यावर. सांगितलं, हे गटार, हा खांब.
गेटवर कंत्राटी रखवालदार, वर्दी सैल, गळ्यात शिट्टी :
सुगंधा झोरे, धाकूची नात.
म्हशी आहेत का गं अजून?
दोन आहेत, म्हणाली, चौदा नंबरात चरतात,
तिथं गवत बरं येतं. साहेबांना सांगू नका.

पोराने तक्ता उघडला. रकाना अजून नववाच,
आणि आधीच भरलेला, जुन्यावरून उचललेला : पडीक.
अक्षर यंत्राचं, शब्द माझा.
मी म्हटलं, खोड तो.
मग काय लिहू, सर? यादीतून निवडावं लागतं.
पडीक, औद्योगिक, इतर.
इतर कर.
एक छोटा चौकोन उघडला : तपशील, वीस अक्षरांत.

हांगा सडो उदक पियेता.
बोटांवर मोजलं, दहाच भरतात.

पोरगा म्हणाला,
सर, तो चौकोन फक्त इंग्रजी घेतो.