दीड आटा

देवळाली कँप, लॅम रोड, दुपारचे दोन.
केरसी शेठांची बेचाळीसची गाडी स्टँडवर.
मी खाली, पाठीला पोतं.

क्लच पायात, गिअर हातात,
असली उलट्या डोक्याची गाडी
मिलिटरीच्या लिलावातून आणलेली,
लग्नाच्याही आधी.

लॉकनट सुटेना. रॉकेल, एक शिवी,
मग सुटला.
रॉड दोन आटे आत घेतला.
दाबा, म्हणालो.
डावा गुडघा अर्ध्यावरच अडला,
टाक्यांवर पँट ताणली.

आणखी दीड आटा.
पुस्तकात पाऊण इंच प्ले सांगितलाय,
मी नखाएवढा ठेवला.
प्लेटी झिजतील. झिजू देत.

टाचेखाली पेडल गेलं.
शेठ काहीच बोलले नाहीत.
हात गिअरच्या गोळ्यावर,
नजर भगूरच्या रस्त्याकडे.
स्टँड मीच काढला.