गाठ

सप्टेंबर लागला की आमची शाळा ओस पडते.
तंबू, कढया, कोंबड्या, तान्ही पोरं घोड्यांवर लादून
आख्खं गाव वर अक्रोडांच्या रानात राहायला जातं
आणि परततं ते काळे हात घेऊन.
हिरव्या सालीचा तो रंग साबणाला दाद देत नाही.
खालच्या बाजारात गिऱ्हाईक आधी बोटं बघतं,
मग भाव विचारतं.

आमच्या वाट्याला सत्तावीस झाडं.
कागदावर ती सरकारची,
पण एकेकाचं खोड मी ओळखते, आणि खोडीही.
कुणी एक वर्ष रुसतं, कुणी सगळं खारींना देतं,
आणि ओढ्याकाठच्या म्हाताऱ्याच्या बुंध्याला
पोसलेल्या मेंढ्याएवढी गाठ आहे.

त्या गाठीसाठीच आला तो ओशहून.
झायनिद्दिन. बुटांना चिखल नाही.
गाठीवर ओला रुमाल फिरवून म्हणाला,
बघ बाई, आत धुरासारखी नक्षी आहे,
परदेशात महागड्या मोटारींत लावतात.
झाड?
झाड तर पाडावंच लागेल.

आकडा ऐकून मी माझ्यापुरता हिशोब केला:
नोदिरबेकचे येकातेरिनबुर्गमधले दोन हिवाळे,
दुसऱ्यांच्या भिंतींना प्लॅस्टर करण्याचे.
गाठीला काहीच नव्हतं.
मी विसार घेतला. पिठाच्या डब्यात लपवला.

तिसऱ्या रात्री पाऊस लागला.
तंबूत सगळे जागे, सगळे गप्प,
आवाज कुठल्या बाजूनं येतो ते ऐकत.
पलीकडून आला.
ज्या वर्षी कोळसा आला नाही
त्या वर्षी आम्हीच जाळून खाल्लेला तो उतार
पुन्हा थोडा खाली सरकला,
एर्गाशचा गोठा घेऊन, दोन गाभण शेळ्यांसकट.
आमच्याकडे पाऊस थांबल्यावरही
बराच वेळ पानं ठिबकत राहिली, इतकंच.
सकाळी त्यांच्या ओढ्यातून गाळ वाहत होता
आणि मुहय्यो आमच्या ओढ्यातलं पाणी
न गाळता किटलीत भरत होती.

झायनिद्दिन करवतवाले घेऊन आला तेव्हा
मी नोटा त्याच्या हातावर मोजल्या.
प्रत्येकीवर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा.
मळवल्यास, म्हणाला.
चालतात, मी म्हटलं.
त्यानं शिवी दिली, ती मी ठेवून घेतली.

नोदिरबेकला फोनवर अजून सांगितलेलं नाही.
सांगेन. आधी हे कुंपण होऊ दे.
ओढ्याकाठी वीतभर उंचीची अकरा रोपं आली आहेत
आणि घोड्यांना नेमकी तीच गोड लागतात.
यांना तशी गाठ यायची तर दोनेकशे वर्षं जातील.
तोवर दोरीला मारते आहे मी,
एक निरगाठ,
ओढून बघते,
मग तिच्यावर दुसरी.