हातमोज्यांचा एकच जोड

खेळसाहित्याच्या रजिस्टरात आमची नावं एकाखाली एक.
नाडार आल्विन, टी.वाय., सहा वाजून दहा, सही.
खरात तेजल, एस.वाय., साडेसात, सही.
वस्तू: गोलकीपरचे हातमोजे. जोड: एक.

ढमालेमामा म्हणाले, टीम दोन, तर जोड दोन मागा की.
मागितले.
प्राचार्यांनी चष्म्यावरून विचारलं,
दोघं एकाच वेळी गोलात उभे राहता का?
नाही, सर.
मग झालं तर.

म्हणून आधी मुलांची प्रॅक्टिस, मग आमची,
आणि मी अख्खा डिसेंबर
दुसऱ्याच्या घामात हात घालते.
घालताना आत ऊब असते.
पाच मिनिटांत ती जाते,
मग माझी सुरू होते.

खडकीतलं आमचं मैदान म्हणजे नुसता मुरूम,
त्यातलाही अर्धा गेल्या वर्षी पार्किंगनं खाल्ला.
कॉर्नर घ्यायचा तर आधी कुणाची तरी ॲक्टिव्हा ढकलायची.
शिट्टी आहे, तिच्यातली गोटी हरवलीय,
सर फुंकतात तेव्हा दम लागल्यासारखं वाटतं.
हाफ टाइम फॅक्टरीच्या भोंग्यावर.
भिंतीपलीकडे गेलेला बॉल मुळेत बुडत नाही,
जलपर्णीवर बसून राहतो, बगळ्यासारखा.
डिसूझा सर म्हणतात, राहू दे,
तो आता नदीकडून खेळतो.

आल्विनशी मी कधी बोलले नाही.
पण डावा तळवा गुळगुळीत झालाय,
म्हणजे तो डावीकडेच झेप घेतो, बॉल कुठे चाललाय ते बघायच्या आधी.
मुठीकडची बाजू नवीकोरी,
म्हणजे गर्दीत ठोसा मारत नाही, धरायला जातो,
वेडा आहे.
एका शनिवारी मनगटाचा पट्टा इतका आवळलेला
की नखानं सोडवावा लागला.
कळलं, हरले.

माझ्यानंतर मोजे रात्रभर दोरीवर असतात.
त्याला मी कोरडी मिळते.

एकदा करंगळीची शिवण उसवली.
आई बोपोडीत साड्यांना फॉल लावून देते,
तिच्या डब्यातला रामा रंगाचा दोरा घेतला, शिवली.
आठवड्यानं बघते तर अंगठाही शिवलेला,
काळ्या दोऱ्यानं, वाकडातिकडा,
गाठ इतकी मोठी की अख्खा तास टोचत राहिली.
मी ती कापली नाही.

मग झोनलचं वेळापत्रक आलं.
मुलांची मॅच मुंढव्याला, मुलींची बारामतीला,
तारीख एक, वेळ एक, नऊ.

प्राचार्यांकडे कुणीच गेलं नाही.

पहाटे पाचला मामांच्या टेबलावर
एकच मोजा होता, उजवा.
रजिस्टरात 'जोड: एक' खोडून त्याच अक्षरात लिहिलेलं: डावा नेला.
मामा म्हणाले, आता मी ऑडिटला काय दाखवू?
मी खाली लिहिलं: उजवा नेला. सही.

बारामतीला रेफरीनं माझ्या हातांकडे बघितलं,
नियम आठवून पाहिला, आणि खेळ सुरू केला.
आम्ही दोन-एक हरलो.
तिसरा मी अडवला, उघड्या हातानं,
पोरी धावत आल्या, मला फक्त तळहात दिसत होता,
लाल, भाजल्यासारखा.
रात्री आमटीत बोटं घातली तेव्हा झोंबलं,
आई म्हणाली, चमच्यानं खा.

मुंढव्याला काय झालं
ते मी कुणाला विचारलेलं नाही.
सोमवारी साडेसातला
पट्टा सांगेल.