खाडा

खानावळीच्या वहीत खाड्याला आम्ही फुली मारतो.
मेंबर गावाला गेला, फुली. पोट बिघडलं, फुली.
महिनाअखेर फुल्या मोजायच्या, तेवढे पैसे वजा.
तीस वर्षं हिशेब माझा, रांधणं द्वारकेचं.

श्रावणापासनं वहीच्या मागच्या पानावर
तिचं नाव लिहिलंय.
सकाळ फुली. रात्र फुली.
चौथ्या केमोनंतर कांदा-लसूण चटणीची नुसती बरणी उघडली
तरी बादली मागायची.
जिच्या रश्शाचा वास
बिंदू चौकापर्यंत जातो म्हणायची कॉलेजची पोरं.

"दोन घास तरी" हे बोलणं मी घरात बंद केलं.
तिला ते शिवीसारखं लागायला लागलं होतं.

डॉक्टरनं कागदावर लिहिलं: विजया, जिभेखाली, रात्री.
ही कोण विजया?
"भांगच की, काका. औषधातली. थेंब मोजून द्यायची."

भांग!
महाशिवरात्रीला थंडाई प्यालेला माझा थोरला भाऊ
रंकाळ्याच्या कठड्यावर बसून तासभर हसत होता
एका म्हशीकडं बघून.
आठवलं. हसू आलं न्हाई.
शिक्क्याची चिठ्ठी, तरी चार घड्या करून
आतल्या खिशात दडवली.

तीन थेंब. पहिल्या रात्री नुसती झोपली.
दुसऱ्या रात्री म्हणाली, भिंत जरा जवळ आलीया.
मी घाबरलो. डॉक्टरनं एक थेंब कमी केला.
पाचवी रात्र, सहावी. फुली, फुली.

मग कधीतरी, अकरा वाजून गेलेले,
मेंबरांची ताटं घासून पालथी घातलेली,
आतनं आवाज आला,
"अवं, त्या नव्या पोरीनं भाकरी करपवली जणू.
वास येतोय."

वास येतोय म्हणाली.
बादली न्हाई मागितली.

उरलेल्या भाकरीचा पापुद्रा सोडवला,
मुगाच्या आमटीत बुडवला, बोटाएवढा.
चावत राहिली.
मी बघत होतो तिच्या कानाखाली,
जबडा हलतो तिथं.
"मीठ कमी हाय."
दुसरा तुकडा तिनं स्वतःच्या हातानं घेतला.

गाठ तिथंच हाय. वजन अडतीस.
उद्याचं थेंबालाबी ठाऊक न्हाई.

वही काढली. रात्रीच्या रकान्यावर
पेन धरून बराच वेळ बसलो.
जेवून गेलेल्याला काय खूण करायची,
तीस वर्षांत आम्ही ठरवलंच नव्हतं.