चौकोन क्रमांक अकरा

नर्सबाईंनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं.
मान धरतो. बसतो. रांगतो.
तीन ठोकळ्यांचा मनोरा रचतो
(लगेच लाथेने पाडतो, त्याला चौकोन नाही).
अकरावा तेवढा कोरा.
"दोन तरी शब्द बोलतो का?"

मी म्हटलं, कळतं हो त्याला सगळं.
हे वाक्य इथे रोज कुणीतरी म्हणत असणार,
त्यांची पेन्सिल जराही हलली नाही.

एलिसेओ, वय बावीस महिने,
त्यांच्या स्टेथोस्कोपची नळी चोखत.
हूं नाही की चूं नाही.

*

वाल्पाराइसोत आमचं घर त्र्याऐंशी पायऱ्यांवर.
खाली बंदर, वर भटकी कुत्री, मध्ये आम्ही,
पन्हळी पत्र्याला निळा रंग,
तोही दोन वर्षं अर्ध्यावर थांबलेला.
थोरली हासिंता नवव्या महिन्यात बोलायला लागली
ती अजून थांबलेली नाही.
धाकट्याचंही तीच बोलते:
त्याला पाणी हवंय.
त्याला मोजे टोचतायत.
त्याला तू आज आवडत नाहीस.

शेजारच्या एर्नेस्तिनाबाई म्हणाल्या,
कोंबडीचं पिल्लू आण,
याच्या तोंडाशी धर, चिवचिव करू दे, जीभ सुटते.
मी हसण्यावारी नेलं.
आणि शनिवारी बाजारात
पिल्लांच्या खोक्यापाशी बराच वेळ उभी राहिले.

*

खरं सांगायचं तर
त्याचं पहिलं पाऊलही मी पाहिलेलं नाही.
खाली लाँड्रीत होते,
हॉटेलच्या चादरी, दिवसाला दोनशे,
परक्यांच्या झोपेच्या घड्या घालत.
हासिंता म्हणाली, फ्रिजपासून टेबलापर्यंत, चार!
मी बूटही न काढता फरशीवर बसले.
कर ना रे पुन्हा.
त्याने केलं. तीनच पावलं, मग बसकण.
कार्डावर मी दुसऱ्या दिवशीची तारीख घातली,
कारण त्या दिवशीची लिहिताना
हात रडत होता.

*

मग हा मंगळवार.
धुक्याने बंदर पुसून टाकलेलं,
भोंगे तेवढे शिल्लक.
मी कांदा चिरत होते.
खालच्या रस्त्यावर डॉन एरिबेर्तोंचा ट्रक,
सिलिंडरवर लोखंडी कांब:
टिंग टिंग टण्ण.
आणि हा, खिडकीचा कठडा दोन्ही हातांनी धरून,
टाचा उंचावून, थेट बेंबीपासून,
गेल्या जन्मीचा फेरीवाला असल्यासारखा:

"गाऽऽऽस!"

सुरी थांबली.
हासिंता थांबली. हासिंतासुद्धा!

"गाऽऽऽस!"

खाली टिंग टिंग थांबलं.
ब्रेक करकरला.
धुक्यातून डॉन एरिबेर्तो: "किती?"

आता त्यांना काय सांगू,
की आमचा सिलिंडर परवाच बदललाय,
की वर्षभर मी छातीवर बोट ठेवून
आई, आई करतेय
आणि मान तुम्हाला मिळाला?
मी ओरडले, "एक! वर पाठवा!"

ते स्वतःच आले, खांद्यावर पंधरा किलो,
दारात धापा टाकत.
"हाक कुणाची? आवाज ओळखीचा नव्हता."
एलिसेओ माझ्या पायामागून डोकावला,
सिलिंडरला बोट लावून, अगदी हळू,
जणू झोपलेल्याला उठवायचं नाही:
"गास."

पैसे मोजताना महिनाअखेर आठवली.
आठवू दे.

*

स्वयंपाकघरात आता दोन सिलिंडर आहेत.
येता-जाता तो एकाला थोपटतो.
शब्द दोन हवेत, आहे एकच,
म्हणून अकराव्या चौकोनात
बरोबरच्या खुणेचा अर्धाच पाय काढून ठेवलाय,
उरलेला नर्सबाईंनी काढावा.

रात्री हासिंता पांघरुणात गप्प.
इतकी गप्प की कपाळाला हात लावून पाहिला.
"आई, आता त्याचं मी बोलायचं नाही?"

तिच्या कार्डावरचे चौकोन
केव्हाच भरून संपलेत.
मी दिवा मालवला, तिच्या शेजारी सरकले.
म्हटलं, अजून गॅसच म्हणतोय गं तो.
पाणी, मोजे, सगळं बाकी आहे.