तळघरातल्या बारा पट्ट्या

रीगामध्ये, नदीपासून दोन गल्ल्या आत,
आमच्या जुन्या संस्थेच्या तळघरात
बारा पट्ट्या टांगल्या आहेत.
आत काचेचे धागे, भोवती राळ,
रुंदीला बोटभर, रंग फिक्या मधाचा,
प्रत्येकीच्या पायाशी बिडाचं वजन.
एकोणीसशे एकोणऐंशीच्या मार्चपासून.

विझ्मा ग्राउदिन्यांनी त्या टांगल्या.
तेव्हा त्या सत्तावीसच्या.
दर गुरुवारी खाली उतरायच्या, अंगात कोट तसाच,
भिंगावर वाफ धरू नये म्हणून तोंड वळवून श्वास सोडायच्या
आणि लिहायच्या: तापमान, ओलावा, लांबी.

नऊ वह्या भरल्या. चौकटीच्या.
हिवाळाभर मी त्या वाचत होते.
आकड्यांपलीकडे त्यांत कुठे काही नाही,
फक्त एका समासात पेन्सिलीनं: आज मुलगी चालायला लागली.
त्या आठवड्यात सात नंबरची दोन मायक्रॉन ताणली.

एक्क्याण्णवच्या जानेवारीत दोन गुरुवार कोरे.
वर रस्त्यात ट्रक आडवे लावलेले, शेकोट्या,
थर्मासमधला चहा अनोळखी माणसांच्या हाती फिरत होता.
खाली वजनं आपली लोंबत होती
काळोखात, कुणी वाचत नसताना.
झेंडा बदलला. रुबल गेला, लात आला, लातही गेला.
सात नंबर तेवढ्यात अर्धा मिलिमीटर वाढली.

मी आले तेव्हा मला वाटायचं,
भार धागा उचलतो, राळ नुसती चिकटून असते.
त्यांनी काही समजावलं नाही.
एक तुकडा भट्टीत ठेवला, सहाशे अंशांवर,
आणि मला शहाजिऱ्याचं चीज कापायला बसवलं.
दार उघडलं तर राळ नाहीशी.
उरली होती काचेची वीण, पांढरीशुभ्र,
एक घर चुकलेलं नाही.
सुंभ जळला होता, पीळ जागच्या जागी.
हरखून मी बोट लावलं
आणि सगळं भुसभुशीत होऊन ताटलीत बसलं.
"पीळ होता की," त्या म्हणाल्या,
"धरायला कुणी नव्हतं."

तर राळेचं काम ते.
एक धागा तुटतो, कुठेतरी आत,
त्याचं ओझं ती शेजारच्यांत वाटून देते
बोभाटा न करता.
पट्टीला चिकटवलेल्या यंत्राच्या कानाला
एवढंच ऐकू येतं: टक्.
नखावर नख उडवावं, तितकंच.
मग बराच वेळ काही नाही.

यंदा इमारत विकली गेली.
हॉटेल होणार. तळघरात बाष्पस्नान.
मी फोन केला, विझ्मा ट्रामनं आल्या,
एका हातात काठी, पिशवीत राईचा काळा पाव,
आणि पायऱ्या उतरताना मला हात धरू दिला नाही.
वजनाखाली आम्ही जॅक लावत गेलो,
एकेक पट्टी मोकळी करत.
सहापर्यंत मी फिरवला. सातला त्या म्हणाल्या, सर.

भार उतरला त्या क्षणी पट्टी जराशी आखडली.
तेवढं कुणीही आखडतं.
पुढचं सावकाश: तासाला काही, दिवसाला त्याहून कमी,
महिन्यानं नजरेत न भरणारं,
आणि एक भाग जो परत येतच नाही,
समीकरणात त्याला निराळं अक्षर आहे.
विझ्मा पालथ्या वजनावर टेकल्या होत्या,
गुडघा चोळत.

"किती येईल परत?" मी विचारलं.
"गुरुवारी सांगते."

हॉटेलवाल्याचा माणूस दारात घड्याळ बघत उभा.
त्याच्याकडे न पाहता त्यांनी चष्मा पुसला,
भिंगाला डोळा लावला, तोंड वळवून श्वास सोडला.
मग मला म्हणाल्या, दहावी वही आण.
चौकटीची आण. रेघांची नको.