शेरा

मे महिन्यासाठी लांब, वाकडी पट्टी.
हिवाळ्यात आखूड, तीही वाकडी.
सरळ पट्टी वर्षातून दोनदाच लागते,
दिवस-रात्र जरा समजुतीने वागतात तेव्हा.

काचेचा गोळा, लहान नारळाएवढा,
दिवसभरात तिच्यावर एक रेघ जाळतो.
दिवेलागणीला मी पट्टी काढते, नाकाशी धरते,
भाजल्या पुठ्ठ्याचा वास. मग तास मोजते.
काल अकरा पूर्णांक दोन.
परवा तीननंतर कोरी:
आंधी आली, ग्वाल्हेरच्या किल्ल्याचा कडा दिसेना,
कुणाच्या तरी वाळवंटाने माझं ऊन पुसलं.

प्रशिक्षणातली हेमलता घाणेकर जैसलमेरला असते.
लिहिते, तुझ्या पट्टीत खाडे तरी पडतात गं.
आटाकामाच्या किनाऱ्यावर म्हणे दुपारपर्यंत धुकं,
गोळा नुसता बसून, तरी ते वाळवंट.
दक्षिण ध्रुवाजवळ सूर्य महिनोन्‌महिने मावळत नाही,
रेघ कुठे सुरू झाली तेच सापडू नये;
तेही वाळवंट, पांढरं.
म्हणजे उन्हाने ठरत नाही.
ठरतं ते दुसऱ्या भांड्यात:
येतं किती, उडून जातं किती.

ते भांडं आमच्या अंगणात, लाकडी चौकटीवर, वर जाळी.
नौतप्याच्या चौथ्या सकाळी आकडा आला एकवीस.
आदल्या दिवशी चौदा. वारा तेवढाच, ऊन तेवढंच.
दोनदा मोजलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

मग काठावरची शीट दिसली,
पाण्यावर एक तपकिरी पीस,
जाळी भिंतीला टेकवलेली.
रामलखन भदौरिया, आमचा चौकीदार, बीहडातल्या गावचा,
बिडी मुठीत लपवत म्हणाला,
मॅडम, साळुंक्या जाळीवर चोच मारून मारून
आणि वाक्य तिथेच सोडलं.

आकडे पुण्याला जातात.
तिथे कुणी मोजत असेल,
ग्वाल्हेर किती सरकलं वाळवंटाकडे.
ही सात मिलिमीटर तहान कुठे दाखवू?
बाष्पीभवन नव्हे. गळती नव्हे.
शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात लिहिलं: पक्षी.

जाळी परत बसवली, नियम आहे.
शेजारी मातीचं परळ ठेवलं पाणी घालून,
त्याची नोंद कुठेच होत नाही.
गोळ्यावरची धूळ फडक्याने पुसायला गेले
तर नव्या पट्टीवर
बोटभर रेघ जळून झालेली.